एका तांब्याचं अंतर

घर शोधायला लागलो तेव्हा मी एक वही केली होती. कारखान्यात माझं काम मालाच्या तपासणीचं. आलेल्या प्रत्येक पेटीसाठी आमच्याकडे एक कागद असतो, त्यावर रकाने असतात, रकान्यांत गुण द्यायचे आणि शेवटी पास की नापास ते लिहून खाली सही ठोकायची. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला बाकीचं जगही रकान्यांत दिसायला लागतं. तर देवासहून इंदूरच्या ऑफिसात बदली झाली आणि इंदूरच्या कोणत्या भागात घर घ्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि चौदा रकाने पाडले. नर्मदेचं पाणी किती दिवसांआड येतं, ऑफिस किती लांब, दवाखाना, भाजीबाजार, शेजार, जिना की लिफ्ट, पावसात रस्ता तुंबतो का, असे. मोठ्या ऐटीत बायकोला दाखवली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात धारची बस कुठंय?"

मी म्हटलं, "ते वाहतुकीच्या रकान्यात आलं."

"नाही आलं," ती म्हणाली आणि वही परत दिली.

इंदूर हे देवास आणि धारच्या मधे बसलेलं शहर आहे. देवासची बस शहरात पूर्वेकडून शिरते, धारची पश्चिमेकडून, आणि या दोन टोकांच्या मधे सबंध इंदूर आडवं पसरलेलं आहे. मी देवासचा, ही धारची. आमचे दोघांचेही पूर्वज मराठी फौजांबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यात आमच्या देवासला तर दरबारही दोन होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एक राज्य, त्या कडेला दुसरं. राज्यं कधीच गेली, पण आपण कोणत्या बाजूचे याची ऐट आमच्यात अजून आहे. माझे आजोबा "आपण थोरल्या पातीचे" हे अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं खजिना अजून घरातच पुरलेला आहे. घरात होता एक पितळी हंडा, तोही गळका. हे सांगायचं कारण, मी जे काही केलं त्याला फार मोठं कारण नव्हतं. ही असली ऐटच होती.

हिचे वडील धारला एकटे राहत. कुक्षीच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर धारच्या जुन्या घरात परत आले. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या आणि ही एकुलती एक. ही त्यांना दादा म्हणायची. ते मला "जावईबापू" म्हणत आणि "आपण" म्हणून बोलत. माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला "आपण बसावं" म्हणायचा, तेव्हा पहिली काही वर्षं मी मागे वळून बघायचो की कोण आलंय. जावई म्हणून माझे जे लाड त्या घरात झाले ते माझ्या आईनेही केले नसतील. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात. घरात बाईमाणूस नाही म्हणून दादांनी ते वाण चुकवलं नाही, स्वतः तळायला बसले. अर्धे अनारसे तुपात हसले. तो सगळा चुरा आणि उरलेले धड अनारसे मिळून त्यांनी मला तेहतीस मोजून दिले आणि म्हणाले, "जावईबापू, चित्र बिघडलंय, रंग मात्र खरा आहे."

असा हा माणूस आमच्या घरी मात्र पाणी प्यायचा नाही.

त्यांच्या घराण्याची ही जुनी रीत. लेक ज्या घरी दिली त्या घरचं अन्नपाणी नातवाचं तोंड बघेपर्यंत घ्यायचं नाही. पुण्याकडचे आमचे नातेवाईक हे ऐकून हसतात, तिकडे हे सगळं कधीच सुटलं. पण माळव्यातल्या आम्हा लोकांनी महाराष्ट्रातून येताना जे गाठोड्यात बांधून आणलं, ते तसंच्या तसं जपून ठेवलंय. बोलताना आमची निम्मी भाषा हिंदी होते, मुलांना मराठी वाचता येत नाही, पण रीतीला धक्का लागलेला चालत नाही. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग आम्ही दोघांनी तो विषय बंद केला. दादांनी त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही. ते देवासला आले, नऊ वर्षांत दोनदाच, तेव्हा पिशवीत स्वतःचा डबा आणि फिरकीचा पितळी तांब्या घेऊन आले. आमच्या ओसरीवर बसून आपला डबा खाल्ला, आपलं पाणी प्यायले, आईशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परत गेले. धार ते देवास म्हणजे दोन बसा आणि मधे सगळं इंदूर. तांब्यातलं पाणी परतीच्या वाटेवर संपायचं.

इंदूरला बदली झाल्याचं मी सांगितलं तेव्हा ही इतकी खूश झाली की मला वाटलं पगारवाढीमुळे. तिने वेगळाच हिशेब मांडला होता. "इकडे बघा," ती म्हणाली, "धार रोडवर घर घेतलं ना, तर दादा दहाला जेवून निघतील, बाराच्या आत आपल्या दारात उतरतील. चारच्या बसने परत, अंधाराआधी घरी. मधे जेवायचा सवालच नाही. एक तांब्या पाणी आरामात पुरतं." मग म्हणाली, "महिन्यातून एकदा आले तरी बस. माझ्या घरात नुसते बसलेले बघायचेत मला."

लग्नानंतर तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. साडी नाही, दागिना नाही. एका तांब्याच्या अंतरात घर.

दर रविवारी आम्ही घरं बघायला जायचो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी धार रोडला, सिरपूर तलावाच्या जवळ, एक घर सापडलं. एक मजली, पुढे हातभर अंगण, अंगणात पेरूचं झाड. मालक शिक्षक होते, मुलाकडे निघाले होते. मी नळ उघडून बघितले, भिंतीवर टिचक्या मारल्या, ओल शोधली. ही आत आलीच नाही. फाटकाशी उभी राहिली. थोड्या वेळाने कंडक्टरची आरोळी आली, "धार, धार, धार!" बस फाटकासमोरच, वीस पावलांवर थांबली. ही धावत गेली आणि कंडक्टरला वेळा विचारून आली. चौकात लहान मूल फुगा घेऊन येतं तसा तिचा चेहरा झाला होता. मला म्हणाली, "अहो, ओरडलेलं स्वयंपाकघरात ऐकू येतं का बघा ना." मी आत जाऊन उभा राहिलो. पुढची बस आली. ऐकू आलं.

त्या घराला माझ्या वहीत चौदापैकी अकरा गुण पडले. पूर्वेला, देवास नाक्याच्या पुढे निपानियात, तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघितला होता, त्याला दहा. सरळ गोष्ट होती. सही करायची बाकी होती.

त्याच आठवड्यात देवासला टेकरीखालच्या पोह्याच्या दुकानावर माझा जुना दोस्त भेटला. आम्ही शाळेपासून एकमेकांची खेचत आलेलो. माझ्या पोह्यांवर शेव पडायच्या आत तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "क्यों भिया, सुना है ससुराल वाले रोड पे मकान ले रिये हो? घरजमाई बन रिये हो क्या?" दुकानातले सगळे हसले. पोहेवाला हसला. मीही हसलो. मग तो मला स्कूटरवर घरी सोडायला आला आणि दारातही त्याची टेप चालूच. "बुढ़ऊ का एक ही तो वारिस है, भिया. पहले रोड पे, फिर धार में, फिर हवेली में." मी चप्पल काढता काढता म्हणालो, "अरे छोड ना यार, कौन जा रिया है उधर? वो तो बस देखने गए थे."

हे बोललो आणि मग ते खरं करायला लागलो. वाईट सवय आहे मला, थट्टेत बोललेल्या शब्दाचीही राखण करतो.

त्या रात्री मी वही उघडली. धार रोडच्या घराला शेजारासाठी एक गुण दिला होता, तो खोडला. तुंबणाऱ्या रस्त्याच्या रकान्यात अर्धा कमी केला. निपानियाच्या फ्लॅटला लिफ्टसाठी अर्धा वाढवला. बघता बघता दहाचा साडेदहा झाला आणि अकराचा साडेनऊ. वीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही मालाच्या कागदावर खोटा आकडा टाकला नाही, कुणी टाकायला सांगितला तर भांडलो आहे. तो एक आकडा टाकला तो माझ्याच घरात.

सकाळी बायकोला सांगितलं, "निपानियाचं घ्यावं म्हणतो. आईचे गुडघे दुखतात, तिला लिफ्ट लागेल. देवासहून अर्ध्या तासात येईल बिचारी." वही पुढे केली. तिने वहीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाली, "बरं." मला वाटलं पटलं. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

वास्तुशांतीला दादा आले. धारहून इंदूर, तिथून सिटीबस, मग मॅजिक गाडी, मग ऑटो. धारच्याच आपल्या पुतण्याला बरोबर आणायला तयार नव्हते, त्याचं दुकान बुडतं म्हणाले. थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं. पूजेचं तीर्थ घेतलं, कारण ते देवाचं, आमचं नव्हे. पंक्ती उठल्या तेव्हा ते बाल्कनीत खुर्चीवर बसून आपल्या डब्यातली पोळी-भाजी खात होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी तांब्या तोंडाला न लावता वरून दोन घोट घेतले, फिरकी घट्ट केली आणि मला म्हणाले, "जावईबापू, आपण चौकशी करून घर घेतलंत हे फार उत्तम केलंत. कागदात खोट असली की जन्माचा ताप. ते आमच्या बाजूचं घर सोडलंत, शहाणपण केलंत."

मला काही कळलं नाही. कुठले कागद, कसली खोट. म्हाताऱ्या माणसाने कुठलं तरी कुठं जोडलं असेल असं वाटलं. पण सासऱ्याने केलेली स्तुती कोण परत करतो? मी मान डोलावली. "हो ना, बघूनच घ्यावं लागतं," असंही वर म्हणालो.

दुसऱ्यांदा ते वैशाखात आले. का आले, ते आधी सांगतो. हिचा वाढदिवस होता. बोलले नव्हते, अचानक यायचं मनात होतं. अकरालाच ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. गंगवाल बसस्टँडवर उतरून त्यांनी चुकीची सिटीबस धरली, शहराला अर्धा वळसा पडला. डबा त्या बसमध्ये राहिला. तांब्यातलं पाणी विजयनगरच्या चौकातच संपलं. दाराची बेल वाजली तेव्हा अडीच वाजले होते. ही दार उघडून "दादा!" म्हणून ओरडली, ते मी आतून ऐकलं आणि धावलो. ते उंबऱ्याबाहेर भिंतीला धरून उभे होते, ओठ पांढरे पडलेले.

ही माठातलं पाणी घेऊन आली. ते खुर्चीत बसले होते. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघून हसले आणि हात जोडल्यासारखं केलं. "राहू दे गं. जरा बसतो, मग बरं वाटेल."

"दादा, प्या हो. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," ते म्हणाले.

मी मधे पडलो. आवाज चढवला. म्हटलं आता हे कोण पाळतं, शास्त्रात कुठं लिहिलंय, तुम्हाला काही झालं तर आम्ही काय करायचं. ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, माझ्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं. माझ्याच्याने मोडवत नाही. आपण रागावू नये." रागावू नये! त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती आणि ते माझी समजूत घालत होते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये खातेगांवकडचं एक कुटुंब राहतं. गव्हा-सोयाबीनची शेती तिकडे, मुलं इकडे शिकायला. त्या घरातल्या भाभींनी हे सगळं उघड्या दारातून ऐकलं. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत आल्या आणि दादांना म्हणाल्या, "बा साब, म्हारा घरे चालो. म्हारो पाणी तो चालेगो नी?" माझ्या घरचं तर चालेल ना, असं विचारत होत्या. दादांचा चेहरा उजळला. त्यांची लेक काही त्या घरी दिलेली नव्हती. ते उठले, माझा हात न धरता उठले, आणि समोरच्या घरात गेले.

त्या दुपारी त्यांच्याकडे दाल-बाफले होते. आमच्या दारातून त्यांची जेवणाची जागा सरळ दिसते. दादा पाटावर बसले. आधी दोन पेले पाणी प्यायले, मग भाभींनी बाफल्याचा भाजलेला गोळा फोडून तुपात बुडवला, वर डाळ ओतली. "और लो बा साब." ते लाजत नको म्हणत होते आणि जेवत होते. फार भुकेलेले होते. ही आमच्या दारात उभी राहून बघत होती. हातात तो पेला अजून तसाच होता. तिचा वाढदिवस होता, सकाळीच तिने श्रीखंड केलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तो तिने झटकला नाही, पण तिला तो कळलाही नाही. समोरच्या घरचं जेवण संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

निघताना त्यांनी पिशवीतून एक चित्र काढून तिला दिलं. मांडवच्या वाटेवर, नालछ्याच्या पुढे दिसते तशी एक टेकडी, जलरंगात. मग भाभींनी भरून दिलेला तांब्या पिशवीत ठेवत म्हणाले, "बाळ, आता उन्हाळ्यात नाही जमायचं. जरा लांब पडतं." त्या "जरा" शब्दाचा मला आजही राग येतो. त्यांचा नाही, माझा.

उन्हाळा संपला, पाऊस संपला, ते आले नाहीत. मी दोनदा फोनवर म्हटलं, टॅक्सी करून आणायला येतो. जावयाने सासऱ्याला आणायला यायचं, हे त्यांच्या रीतीत बसेना. "आपण कशाला तसदी घेता," म्हणाले. मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. ही महिन्या-दीड महिन्याने धारला जाऊन यायची, सकाळी सहाला निघून रात्री परत. परत आली की पहिल्यांदा बाल्कनीतली ती खुर्ची पुसायची.

आणि जिच्या गुडघ्यांसाठी हे सगळं केलं ती माझी आई? वर्षभरात चारदाच आली. लिफ्टची तिला भीती वाटायची, ती जिन्याने चढायची. एकदा ती जिन्यातच धापा टाकत बसली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्यासाठी लिफ्टचं घर घेतलं आणि तू जिन्यानं काय येतेस?" ती म्हणाली, "माझ्यासाठी? मला कोणी विचारलं? मी तर कुठंही आले असते, मला तू आणलंस तर. सुनेला धारकडं हवं होतं ना घर? माझ्या नावावर का बिल फाडलंस?" मी तिची पिशवी उचलली आणि वर चढलो.

माघात दादा गेले. पहाटे, झोपेत. पुतण्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. पुतण्यानेच सगळं केलं, आम्ही तेरा दिवस तिथेच राहिलो. तेराव्याचं जेवण झाल्यावर पुतण्याची बायको हिला म्हणाली, "ताई, जे हवं ते घेऊन जा." चित्रं होती, सासूबाईंच्या दोन पैठण्या होत्या, चांदीचं निरांजन होतं. हिने फक्त फिरकीचा तांब्या घेतला. निघताना घरातल्या माठातून तो काठोकाठ भरला.

परतीची बस दुपारची होती. आम्ही दोघं शेजारी बसलो, तांब्या तिच्या मांडीवर. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं, ती खिडकीबाहेर बघत होती. इंदूर जवळ आलं तसा मीही तिच्या खांद्यावरून बाहेर बघायला लागलो, कारण मला माहीत होतं पुढे काय येतं. सिरपूर तलावाच्या जवळ बस हळू झाली, कंडक्टर दारात लोंबकळून ओरडला आणि बस थांबली ती त्या फाटकासमोर. घराला कुणी नवा रंग दिला होता. पेरूचं झाड भिंतीच्या वर आलं होतं. एक बाई उतरली, बस निघाली. मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "हेच घर घ्यायला हवं होतं. आईचं मी उगाच पुढे केलं. मला लोक घरजावई म्हणतील याची लाज वाटली. पोह्याच्या दुकानावर दोन माणसं हसली म्हणून मी..."

ती खिडकीबाहेरच बघत होती. म्हणाली, "ठाऊक आहे. तुमचे दोस्त दारात बोलत होते तेव्हा मी आत दाराआड होते. तुम्ही म्हणालात ना, कौन जा रिया है उधर."

"मग तू काहीच का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? तुम्हाला नको होतं." मग मांडीवरचा तांब्या सरळ करत म्हणाली, "दादांना मात्र काहीतरी सांगायला हवं होतं. ते विचारायचे ना, बाळ, त्या पेरूच्या घराचं काय झालं. मग मी सांगितलं, त्या घराच्या कागदांत खोट निघाली. यांनी चौकशी केली म्हणून वाचलो."

मला बाल्कनी आठवली. डबा खाता खाता त्यांनी केलेली ती स्तुती आणि डोलावलेली माझी मान. शेवटपर्यंत तो माणूस समजत होता की जावई फार जपून वागणारा आहे, म्हणून घर लांब पडलं. लांब पडल्याचा दोष त्याने मला कधी दिला नाही, तो एका घराच्या कागदांना दिला. माझी इज्जत वाचवण्यासाठी ही आपल्या बापाशी खोटं बोलली होती, आणि त्याच खोट्यावर मी हुशार ठरलो होतो.

माझा घसा कोरडा पडला. खोकला यायला लागला, थांबेना. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. हिने तांब्याची फिरकी सोडली. तो भरलेला तांब्या तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी मान हलवून नको म्हटलं.

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं आहे. जावयाला चालतं."